शर्मिलाताईंचं रक्त

मी डायलिसिसचं मशीन बोलतोय. नारायण पेठेला लागून असलेल्या एका जुन्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत माझं निम्मं आयुष्य गेलं. माणसाच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं की त्याचं रक्त बाहेर घ्यायचं, धुवायचं आणि पुन्हा आत पाठवायचं, एवढंच मला येतं. हेच काम करणारं मुठीएवढं जोडपं प्रत्येक जण जन्मताना सोबत घेऊन येतो. ते रात्रंदिवस राबतं आणि कधी आवाज करत नाही. ते थकलं की माझ्यासारखं धूड लागतं, आठवड्यातून तीनदा, आणि तरी मला त्यांची सर येत नाही.

माझा जन्म परदेशातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या माणसांनी मला जोडलं, पोटातून पाणी फिरवून पाहिलं आणि खोक्यात बंद केलं. जहाजाचा सगळा प्रवास अंधारात झाला. खोकं उघडल्यावर पहिला चेहरा दिसला तो पोपटचा. पोपट इथला तंत्रज्ञ. तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. त्यानं मला पुसलं, हळदकुंकू वाहिलं, एका विश्वस्तांनी फीत कापली. पहिला रुग्ण खुर्चीत बसला तेव्हा जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बिचाऱ्या गृहस्थांना टाळ्यांचं काय करावं ते कळेना. त्यांनी एका हाताने नमस्कार केला.

सुरुवातीची वर्षं मी मोठ्या दालनात काढली. आम्ही सगळी मशीनं रांगेत, आणि समोर माणसं. हलायची सोय नसली की माणसं फार मोकळं बोलतात, हे मी तिथे पाहिलं. एखाद्याला सुनेचा राग असायचा, दुसऱ्याला मुलाच्या परदेशाचं कौतुक. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे सगळ्यांच्या गप्पा फिरून फिरून चहावर यायच्या.

मग नवी मशीनं आली, पडद्याला बोट लावलं की चालणारी. जुन्यांपैकी एक कोपऱ्यातल्या खोलीत न्यायचं ठरलं आणि तो मान मला मिळाला. दारावर पाटी लागली : ‘पॉझिटिव्ह’. ज्यांच्या रक्तात एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी सापडेल त्यांच्यासाठी ही खोली. पाटी लागल्या दिवसापासून झाडणाऱ्या बाई उंबऱ्यातूनच फडकं फिरवू लागल्या. जिन्यावरून येणारी माणसं पाटी वाचून पलीकडच्या भिंतीला धरून चालायची. मी तोच होतो, नळ्या त्याच, पाणी तेच. कितीतरी महिने कुणी आलंच नाही. पोपट मात्र अधूनमधून येऊन मला सुरू करायचा. “पडून राहिलास तर कामातून जाशील,” म्हणायचा.

शर्मिलाताई आल्या त्या व्हीलचेअरवरून. पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला, दोन शब्द बोलल्या की धाप. वारजेला त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. नवरा संजय हिंजवडीतल्या एका कंपनीची बस चालवायचे. दोघं मूळचे वाशिमकडचे, मुलगी लहान असताना पुण्यात आलेले. ती मुलगी, प्रियदर्शनी, आता नोकरीला लागली होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच ठेवून ती आईची खुर्ची ढकलत होती.

आधीच्या एका रुग्णालयानं रिपोर्ट पाहून त्यांना परत पाठवलं होतं. मुलगी औषधं आणायला गेली तेव्हा संजयनी हे पोपटला सांगितलं. आवाज चढवला नाही. “आमच्याकडे सोय नाही म्हणाले. समोर मशीनं दिसत होती. आम्ही जयभीम घातला आणि निघालो.”

पोपट नळ्या जोडायला वाकला तेव्हा शर्मिलाताईंनी त्याचा हात अडवला.

“भाऊ, तुम्हाला माझं सगळं सांगितलंय ना?”

“सांगितलंय, ताई.”

“मग हातमोजे घाला.”

“ते सगळ्यांसाठीच घालतो. तुमच्यासाठी वेगळं काही करत नाही.”

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात काढून घेतला आणि डोळे मिटले. त्यांचं रक्त माझ्यात आलं. मला लोकांचं एक नवल वाटतं. दारावरच्या पाटीला ते इतके भितात, पण रक्त बघाल तर सगळ्यांचं सारखंच लाल आणि कोमट. शर्मिलाताईंच्या रक्तात मला सगळ्यात आधी काय जाणवलं असेल, तर थकवा. कितीतरी दिवसांची घाण त्यात साठून राहिली होती. मी ती जपून धुतली. चार तासांनी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “अहो, भूक लागली.” संजय तोंड फिरवून भिंतीकडे बघू लागले.

पुढच्या खेपेला डॉक्टर कादंबरी आल्या. त्या मूत्रपिंडाच्या डॉक्टर, हळू बोलणाऱ्या, स्टूल ओढून बसणाऱ्या. “मला सुरुवातीपासून सांगा,” त्या म्हणाल्या. शर्मिलाताईंनी मुलीला बिस्किटं आणायला खाली पाठवलं, आणि ती जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत त्या थांबल्या.

प्रियदर्शनीचा जन्म तालुक्याच्या गावातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात झाला होता. बाळ सुखरूप होतं, पण आईचा रक्तस्राव थांबेना. कुणीतरी धावत जाऊन रक्ताच्या बाटल्या आणल्या. कुठून आणल्या, तपासल्या होत्या की नाही, हे विचारण्याच्या स्थितीत कुणी नव्हतं. शर्मिलाताई वाचल्या. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा त्यांचा ताप हटेना, वजन घटत चाललं, आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. संजयची आणि मुलीची तपासणी चांगली आली. मागचं सगळं विचारून तिथल्या डॉक्टरांनी अंदाज बांधला तो त्या बाटल्यांचाच. सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी एक गोळी चुकवली नाही. वजन भरलं, दुकान उभं राहिलं. लोक म्हणत, शर्मिलाताईंच्या हातचा ब्लाउज अंगाला बसतो.

“पाठ फार दुखायची,” त्या सांगत होत्या. “सणासुदीला मशीनवरून उठायला मिळत नसे. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची. रोजच म्हणा ना. आणि गाळ्याला संडास नाही. म्हणून पाणीच कमी प्यायचं.”

“लघवी कधी तपासली होती?”

“सांगितलं होतं केंद्रात. त्या दिवशी लग्नाची ऑर्डर द्यायची होती. मग राहूनच गेलं. दुखत काही नव्हतं ना, डॉक्टर.”

“हेच तर आहे. मूत्रपिंड दुखून सांगत नाही.” डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. एचआयव्हीमुळे मूत्रपिंडावर आधीच ताण होता. हिपॅटायटिस सी बहुधा त्याच रक्तातून आला आणि इतकी वर्षं गुपचूप राहिला. तो यकृत धरतो, तसा मूत्रपिंडालाही सोडत नाही. त्यात एचआयव्हीच्या गोळीतलं एक औषध काही जणांच्या मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून रक्त-लघवी तपासत राहायची असते. आणि या सगळ्यावर रोजची दुखण्याची गोळी.

“म्हणजे मी त्या एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायलाच नको होत्या?”

“त्या घेतल्या म्हणून तर तुमची मुलगी तुम्हाला इथे घेऊन आली. त्या सोडायच्या नाहीत. तुम्हाला चालेल अशी गोळी बदलून घेऊ. मी तिकडे बोलते.”

“माझ्या किडन्या परत चालतील का?”

डॉक्टरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. “सोनोग्राफीत त्या आकसलेल्या दिसतात,” त्या म्हणाल्या. “नाही चालणार, शर्मिलाताई.”

शर्मिलाताईंनी मान हलवली, जसं एखाद्या गिऱ्हाइकाचं माप समजलं म्हणून हलवावी. मग म्हणाल्या, “माझ्या मुलीला त्या सी काविळीचंच सांगा. दुसरं नको.”

“तुमच्या परवानगीशिवाय मी कुणालाच काही सांगणार नाही.”

असे महिने गेले. सुरुवातीला रक्त घ्यायला गळ्यात बसवलेली तात्पुरती नळी निघाली, लहानशी शस्त्रक्रिया करून हाताची शीर सुया टोचण्याजोगी तयार झाली. हिपॅटायटिस सी साठी रोज एक गोळी सुरू झाली. तो कोर्स संपला, मग काही आठवड्यांनी तपासणी झाली आणि डॉक्टर कादंबरी स्वतः सांगायला आल्या, की विषाणू रक्तात उरलेला नाही. संजयनी पेढे आणले. शर्मिलाताईंना अर्धाच मिळाला. तोही त्यांनी पुरवून पुरवून खाल्ला.

ज्या बातमीनं घर आनंदलं, तिनंच पुढचं सगळं उकरून काढलं. प्रियदर्शनीनं त्याच आठवड्यात पोपटला विचारलं, “आईचा सी गेलाय ना? मग ती अजून या पाटीच्या आत काय करतेय?”

“तपासणीत त्याची जुनी खूण दिसत राहते,” पोपट म्हणाला.

“खूण म्हणजे आजार नव्हे. मी वाचलंय.”

पोपट पाण्याचा नळ बघायच्या निमित्तानं बाहेर गेला. मुलीनं आईकडे वळून दुसरी गोष्ट काढली. “आणि आता तू बरी झालीस तर ट्रान्सप्लांटचं बघू. बाबांना शुगर आहे, त्यांची चालणार नाही. माझी घे.”

“मला नको तुझी किडनी.”

“का?”

“नको म्हटलं ना.”

“बरं आहे. दुकानात दोऱ्याचा रंग तरी गिऱ्हाइकाला सांगतेस. इथे कारणसुद्धा नाही.” ती जिन्यात जाऊन बसली. तिथून तिला खोलीतली आई दिसत होती आणि आईला ती.

त्या दिवशी संजय शर्मिलाताईंच्या उशाशी बराच वेळ उभे होते. “आता काहून लपवायचं?” ते म्हणाले. “पोरगी मोठी झाली. समजेल तिला.”

“आजाराची लाज वाटते म्हणून लपवत नाही मी. तिचा जन्म झाला त्या दिवसाला ते जाऊन चिकटतं. तिनं आयुष्यभर काय म्हणायचं, मी आले म्हणून आईला हे झालं?”

“म्हणेल काही दिवस.”

“मला तेवढेही नकोत.”

पुढे जे घडलं ते एका दुपारी. प्रियदर्शनी रजा काढून आईजवळ बसली होती. शर्मिलाताईंना झोप लागली होती, अंगावरची शाल हातावर ओढलेली. झोपेत हात वळला आणि सुई निसटली. मी नळीतून रक्त परत पाठवत होतो आणि ते आत न जाता शालीत मुरत होतं. दाब पडल्याचं मला कळलं तसा मी ओरडू लागलो. तोवर शालीखालून धार फरशीवर आली होती. मुलीनं शाल फेकली आणि दोन्ही तळवे आईच्या हातावर घट्ट दाबून धरले.

शर्मिलाताईंनी डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते. “हात काढ,” त्या म्हणाल्या. “प्रिया, आधी हात काढ.” दुसऱ्या हाताने त्या तिला ढकलू लागल्या. अंगात बळ नव्हतं, तरी ढकलत होत्या.

पोपट धावत आला. त्यानं मला थांबवलं, जागा दाबून धरली, खुर्ची मागे कलती केली. शर्मिलाताईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. “तिच्या हाताला कुठे कापलंय का बघा. भाऊ, मला राहू द्या. तिचा हात बघा.”

“आई, सी गेलाय,” प्रियदर्शनी म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत रक्त होतं. “मग कशाला घाबरतेस?”

मुलगी एकदा आईकडे, एकदा उघड्या दाराकडे बघत होती. पाटी दाराच्या बाहेरच्या बाजूला होती, पण मला वाटतं ती तेव्हा तीच वाचत होती.

डॉक्टर कादंबरी आल्या. मुलीचे हात साबणाने धुऊन झाले, कातडी कुठे फाटलेली नव्हती. आईचा रक्तदाब जागेवर आला. मग शर्मिलाताईंनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलीला जवळ बसवलं. मला कुणी बाहेर काढू शकत नव्हतं, म्हणून मी ऐकलं. त्यांनी फार थोडक्यात सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्यांची वर्षं, त्या बाटल्या.

“माझ्या वेळी?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“हो.”

ती उठली. दारात डॉक्टरांनी तिला थांबवून सांगितलं, की गोळ्यांमुळे आईच्या रक्तातला विषाणू सापडणार नाही इतका कमी आहे, धुतलेल्या अखंड कातडीला भीती नाही, मन निवावं म्हणून तपासणी करून घे. ती हो म्हणाली आणि गेली. तिची तपासणी पुढे चांगलीच आली. पण ती स्वतः आली नाही. एक खेप गेली, दुसरी गेली. संजय बस उभी करून यायचे, न्यायचे. शर्मिलाताई त्यांना विचारत नव्हत्या आणि ते सांगत नव्हते. त्या दिवसांत त्यांचं वजन उगीच वाढून यायचं. पोपटनं एकदाच विचारलं, “पाणी जास्त होतंय का, ताई?” त्या म्हणाल्या, “घसा कोरडा पडतो.”

मग एके दिवशी ती दारात उभी. “रजा टाकून आलेय,” ती म्हणाली. “उपकार नाहीत.” स्टूल ओढून बसली. बराच वेळ माझ्या पडद्यावरचे आकडे बघत राहिली.

“माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तू सकाळी उठून शिरा करायचीस. तेव्हा तुझ्या मनात काय यायचं?”

“शिरा खाली लागू नये, एवढंच,” शर्मिलाताई म्हणाल्या.

मुलीला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. आईनं तिला रडू दिलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, “ते रक्त मिळालं नसतं तर तुला दूध पाजायला मी नसते, प्रिया. त्यानं आजार दिला हे खरं. पण त्याचा राग करायचा म्हटलं तर कसा करू? ज्यानं कुणी दिलं, त्यालाही माहीत नसेल. लहानपणी तुझी तपासणी चांगली आली त्या दिवशी माझ्या आजाराचं भय गेलं. तो एकट्या माझ्यावरच आला, यात मला सुख वाटलं.”

“मी स्वतःला दोष देईन म्हणून तू सांगितलं नाहीस. दिलाच मी. इतके दिवस घरात बसून तेच केलं.” तिनं ओढणीने नाक पुसलं. “आता झालं करून. किडनी घेशील का, बोल.”

“तुझं वय काय, पुढे लग्न आहे, मूलबाळ आहे. म्हणून नको. आता दुसरं कारण नाही. असतं तर सांगितलं असतं.”

तो वाद अजून मिटलेला नाही. डॉक्टर कादंबरींनी दोघींना सांगितलं, की एचआयव्ही काबूत असेल तर काही ठिकाणी आता मूत्रपिंडाचं रोपण होतं. शर्मिलाताईंचं नाव मृत्यूनंतर दान होणाऱ्या मूत्रपिंडासाठी नोंदवलं आहे. फोन आलेला नाही. येईलच असं कुणी सांगत नाही. रोजच्या गोळ्या वेळेवर जातात, पाणी मोजून, दुकान आता अर्धा दिवस उघडतं. शेजारच्या बँकेतल्या मॅनेजरबाईंनी त्यांना तिथलं स्वच्छतागृह वापरायला दिलं आहे. ते मागायला प्रियदर्शनीच गेली होती.

खोलीचंही बदललं. डॉक्टर कादंबरींनी रुग्णालयाच्या बैठकीत विषय मांडला. नुसता एचआयव्ही असलेल्याला वेगळं मशीन लागत नाही, प्रत्येकासाठी नीट काळजी घेतली की पुरे; आणि हिपॅटायटिस सी बरा झाला असेल, तर जुनी खूण बघून माणसाला कोपऱ्यात ठेवण्यात अर्थ नाही. वाद झाला. दोन बैठका लागल्या. शेवटी पोपटनं स्क्रू काढून पाटी उतरवली. माझे सुटे भाग आता मिळत नाहीत, म्हणून मलाही रजा मिळाली. सध्या मी जिन्याजवळ चादर पांघरून उभा आहे. टेम्पो आला की जाईन.

जाण्याआधी एक विनवणी. माझ्याकडे यायला लागू नये असं वागा. एचआयव्ही असेल तर गोळ्या आपल्या मनाने कधी सोडू नका, पण वर्षातून निदान एकदा रक्ताबरोबर लघवीही तपासून घ्या, ऑर्डर कितीही घाईची असो. हिपॅटायटिस सी एकदा तरी बघून घ्या. तो बरा होतो. दुखण्याची गोळी रोज घेताना कुणाला तरी विचारा. आणि कुणाच्या दुकानात, कारखान्यात बायका काम करत असतील, तर त्यांना लघवीला जायची जागा द्या. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायकांनी तहान मारून दिवस काढले होते.

काल शर्मिलाताई मोठ्या दालनातून बाहेर पडल्या, हाताला पट्टी, बरोबर मुलगी. माझ्यापाशी थांबल्या. चादर जरा बाजूला केली आणि माझ्यावर हात ठेवला. आमच्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. प्रियदर्शनी खाली रिक्षा थांबलीय म्हणून हाक मारत होती. शर्मिलाताईंनी चादर पुन्हा नीट केली, कडा सरळ केल्या.

“जाते रे,” त्या म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.